गरीबखान्यातून उभी राहिलेली मंडळी
(अहमदनगरच्या ख्रिस्ती समाजाची सेवापरंपरा)

मराठी भाषेत ‘मंडळी’ हा शब्द मोठा घरगुती आहे. पंगतीला बसलेली मंडळी, दिंडीत चाललेली मंडळी, नाटक करणारी मंडळी, इतकेच नव्हे तर पूर्वीच्या काळी पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच होत असे. एकोणिसाव्या शतकात बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू असता ‘चर्च’ या संज्ञेसाठी हाच शब्द रूढ झाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. चर्च म्हणजे दगडविटांची इमारत नसून एकत्र आलेली माणसे होत, हा त्या संज्ञेचा मूळ अर्थ ‘मंडळी’ या साध्या शब्दाने जितका अचूक पकडला आहे, तितका एखाद्या जड संस्कृत शब्दाने क्वचितच पकडला असता. इमारत उभी करावयास पैसा लागतो. मंडळी उभी राहावयास आधी परस्परांवरचा आणि अंगीकारलेल्या कार्यावरचा विश्वास लागतो. साधने नंतर येतात, कधीकधी येतही नाहीत.

अहमदनगर येथील पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मिशनरींच्या कार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात स्तुती आहे, निंदाही आहे. परंतु त्या लेखनात बहुधा परदेशातून आलेली माणसेच मध्यभागी असतात, आणि येथील मातीतली मंडळी मात्र पार्श्वभूमीसारखी मागे उभी राहते. प्रत्यक्षात मिशनरी आले आणि गेले. काही आजाराने, काही मृत्यूने, काही निवृत्तीने. मागे राहिली ती नगरची मंडळी. तिने आपल्या गावासाठी काय केले, कोणत्या बळावर केले आणि त्याची कोणती किंमत दिली, याचा थोडक्यात आढावा येथे घ्यावयाचा आहे.

गरीबखान्यातील आरंभ

अमेरिकन बोर्ड या संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे पहिले मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. ईस्ट इंडिया कंपनीचे धोरण त्या वेळी मिशनरींना अनुकूल नव्हते आणि त्यांना परत पाठविण्याचाही घाट घातला गेला होता. मुंबईतील वास्तव्यात त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला, मराठीत पुस्तके छापली. तथापि देशावर पाय रोवण्यास त्यांना आणखी अठरा वर्षे लागली. १८३१ च्या डिसेंबरात अ‍ॅलन ग्रेव्ह्‌ज, हॉलिस रीड व विल्यम हर्वी हे तिघे अहमदनगरास येऊन राहिले. त्यांच्या सोबतीस बाबाजी नावाचे एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ होते. निजामशाहीची ही जुनी राजधानी पेशवाईच्या अस्तानंतर लष्करी ठाणे आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून नव्याने वसू लागली होती.

नगरात त्या वेळी लंगडे, आंधळे, महारोगी आणि निराधार वृद्ध यांच्यासाठी एक गरीबखाना होता. नव्या मिशनचे पहिले काम या गरीबखान्यात सुरू झाले. बाबाजी तेथे जात, त्या माणसांजवळ बसत, त्यांच्याशी बोलत, प्रार्थना करीत. ज्यांना गावात कोणी जवळ उभे करीत नव्हते त्यांच्या शेजारी एक ब्राह्मण मांडी घालून बसतो, हे दृश्य १८३२ च्या नगरात किती अपूर्व असेल याची कल्पना करता येते. १८३३ च्या मार्च महिन्यात अहमदनगरची पहिली मंडळी रीतसर स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांत या गरीबखान्यातील माणसांचा भरणा होता.

या आरंभाइतकेच त्यानंतरचे प्रसंगही बोलके आहेत. हर्वी हे नगरास आल्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, १८३२ च्या मे महिन्यात, पटकीने मरण पावले. मंडळी स्थापन झाली त्याच वर्षी बाबाजींनाही पटकीनेच गाठले. ग्रेव्ह्‌ज यांची प्रकृती ढासळली. रीड १८३५ मध्ये मायदेशी परतले आणि त्यांनी पुढच्याच वर्षी बाबाजींचे चरित्र अमेरिकेत प्रसिद्ध केले. चार वर्षांत संस्थापकांची पिढी अशी पांगली. कोणाही व्यवहारी माणसाने त्या वेळी नगरच्या मंडळीचा हिशेब मांडला असता, तर अपंगांची आणि अनाथांची ही चिमूटभर जमात फार काळ टिकणार नाही असेच अनुमान काढले असते.

ती टिकली. पुढे वीस वर्षांत तिचे स्वरूपच पालटले.

मतदान करणारी मंडळी

१८३५ मध्ये हिंदुस्थानात आलेले रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन हे लवकरच नगरच्या कार्याचा आधारस्तंभ बनले. त्यांच्याच काळात, १८३९ मध्ये, हरिपंत रामचंद्र खिस्ती यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे रामकृष्णपंत मोडक मंडळीत आले. या दोघांनी सोडलेले घर, गोत आणि प्रतिष्ठा यांची नगरात दीर्घकाळ चर्चा होत राहिली. दुसरीकडे नेवासे, राहुरी, शेवगाव या भागांतील महारवाड्यांत व मांगवाड्यांत नव्या धर्माचा प्रसार होऊ लागला. या वस्त्यांत आधीपासून कबीरपंथी आणि तत्सम भक्तिमार्गी गुरूंची परंपरा होती. त्यामुळे भजनाच्या वाटेने आलेला नवा उपदेश त्यांना अगदीच परका वाटला नाही.

१८५४ मध्ये खिस्ती व मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली आणि नगरच्या मंडळ्यांची धुरा एतद्देशीय पाळकांकडे आली. ही घटना वरवर पाहता धर्मसंस्थेच्या अंतर्गत कारभाराची वाटेल. परंतु तिचे सामाजिक महत्त्व फार मोठे आहे. अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथात वरून नेमलेला बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते, आपला पाळक आपण निवडते, नव्या सभासदास घ्यावे की नाही हे सभासदांच्या संमतीने ठरवते, आणि खर्चाचा हिशेब सभासदांपुढे मांडते. ग्रामपंचायतीच्या निवडणुका किंवा कायदेमंडळातील प्रतिनिधित्व यांची सर्वसामान्य माणसाला कल्पनाही नव्हती, अशा काळात नगरच्या मंडळीत वेशीबाहेर राहणारा माणूस एका सार्वजनिक प्रश्नावर आपले मत नोंदवीत होता आणि ते मोजले जात होते. प्रभुभोजनाच्या विधीत ब्राह्मण कुळात जन्मलेला पाळक आणि महार कुळात जन्मलेला सभासद एकाच पेल्याला ओठ लावीत होते. या घटनेला कोणत्याही सुधारकी परिषदेचे व्यासपीठ लाभले नव्हते.

या मंडळ्यांची वार्षिक एकत्र सभा नगरास भरे. मंडळ्यांच्या या संघाला ‘ऐक्य’ असे सार्थ नाव मिळाले. खेड्यापाड्यांतून पायी आणि बैलगाड्यांतून माणसे येत, वर्षभराच्या कामाचा अहवाल सांगत, भजने गात. याच वातावरणात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगर भागात रुजली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळमृदंग हा सारा साज तोच, आख्यान मात्र बायबलातले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी रचलेली पदे घरोघर गायिली जाऊ लागली. आपल्याच मातीतला सूर लागल्याशिवाय मंडळी आपली होत नाही, ही जाण या लोकांना लवकर आली होती.

शाळेचे उघडे दार

नगरच्या मंडळीने गावाला दिलेली पहिली मोठी देणगी म्हणजे शाळा. विशेषतः मुलींच्या शिक्षणात नगरचे नाव कायमचे कोरले गेले आहे. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईस आल्या आणि १८३९ मध्ये नगरास स्थायिक झाल्या. १८६२ मध्ये त्यांना मृत्यू आला तो नगरातच. मायदेशापेक्षा किती तरी अधिक ओढ त्यांना या गावाची लागली होती. जोतीराव फुले यांनी नगरास जाऊन फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे त्या भेटीची प्रेरणा होती, ही गोष्ट सुविदित आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे काही धडे नगरास फरारबाईंकडे घेतले, असेही त्यांचे चरित्रकार सांगतात. पुण्याच्या भिडेवाड्यात पेटलेल्या ज्योतीची एक ठिणगी नगरची होती, हे त्या इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

शहरातील शाळेपेक्षाही खेड्यातील एकशिक्षकी शाळा हे मंडळीचे खरे काम. मंडळीतच शिकून तयार झालेला तरुण एखाद्या गावी जाई. चावडीत किंवा देवळात त्याला जागा मिळणे शक्य नव्हते. महारवाड्यातच एखाद्या छपराखाली पाट्या मांडल्या जात. दिवसा मुले, रात्री शेतावरून व पाटलाच्या वाड्यावरून परतलेली मोठी माणसे. हा शिक्षक बाराखडी शिकवी, रविवारी उपासना चालवी, कोणाचे पत्र वाचून दाखवी, कोणाचा अर्ज लिहून देई. वतनदारीच्या आणि सावकारीच्या जगात कागद वाचता येणे म्हणजे काय, हे ज्यांच्या अंगठ्याखालून जमिनी गेल्या होत्या त्यांना सांगण्याची गरज नव्हती. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांत कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर सारा भर होता, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

शाळेबरोबर अक्षरांचे दुसरे दालन उघडले ते ‘ज्ञानोदय’ने. १८४२ च्या जून महिन्यात नगरास बॅलंटाइन यांनी हे नियतकालिक सुरू केले. पुढे ते मुंबईस गेले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू उघड होता आणि त्यातील वादविवादाची भाषा कित्येकदा प्रतिपक्षास बोचणारी असे, हे मान्य केले पाहिजे. परंतु भूगोल, खगोल, आरोग्य, प्रवास, देशोदेशीच्या वार्ता असे विविध विषय सोप्या मराठीत आणण्याचे कार्यही त्याने केले. जोतीरावांनी आपल्या शाळांविषयीची हकीकत १८५३ मध्ये सांगितली ती याच पत्रातून. बेळगावास १८३१ मध्ये जन्मलेले आणि तेथील लंडन मिशनच्या शाळेत शिकलेले बाबा पदमनजी पुढे ‘ज्ञानोदय’च्या संपादनाशी जोडले गेले. ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मराठी गद्यात मांडणाऱ्या या लेखकामुळे सीमाभागाचाही या परंपरेशी धागा जुळतो. १८७३ मध्ये मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान मानाचे आहे.

दुष्काळाची कसोटी

नगर जिल्हा हा पर्जन्यछायेतला. दोन वर्षे पाऊस हुकला की विहिरी तळ दाखवितात आणि गावे ओस पडतात. १८७६-७७ च्या दुष्काळाने या भागाची दैना केली. त्यातून सावरतो न सावरतो तोच १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, आणि लगोलग १८९९-१९०० चा महादुष्काळ. गुजरातेत, माळव्यात व राजपुतान्यात तो संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या घराण्यांत त्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. नगर जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ८,३७,६९५ इतकी भरली. वाढण्याऐवजी ती आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटली होती. या एका आकड्याच्या पोटात किती चुली विझल्या असतील!

या काळात नगरचे रेव्हरंड रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांनी केलेले कार्य विशेष उल्लेखनीय आहे. १८४७ मध्ये मुंबईतच जन्मलेले ह्यूम १८७४ पासून मिशनच्या सेवेत नगरास होते. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेस गेले असता परधर्मीयांच्या पारलौकिक गतीविषयी त्यांनी काही उदार मते बोलून दाखविली. त्यावरून मोठा वाद माजला आणि त्यांना हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही याचाच संस्थेला विचार पडला. अखेर १८८७ मध्ये ते परत आले. १९०० मध्ये अमेरिकेतून आलेल्या दुष्काळी मदतीच्या वाटपाची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचे ते प्रमुख कार्यवाह होते. त्या वर्षी ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मक्याचा मोठा साठा मुंबई बंदरात उतरला आणि तेथून निरनिराळ्या दुष्काळी मुलखांत गेला. १९०१ मध्ये ह्यूम यांना सरकारने ‘कैसर-इ-हिंद’ हे सुवर्णपदक दिले.

पदक ह्यूम यांना मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु जहाजातून बंदरात उतरलेले धान्य गावकुसाबाहेरच्या झोपडीपर्यंत पोहोचते कसे, हा प्रश्न इतिहासकाराने विचारावयास हवा. कोणाच्या घरात दाणा नाही, कोण लाजेने मागत नाही, कोणती म्हातारी दुष्काळी कामावर खडी फोडण्यास जाऊ शकत नाही, हे परदेशी मिशनरीला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते ठाऊक होते खेड्यातल्या शिक्षकाला, त्याच्या बायकोला, गावच्या लहानशा मंडळीतील वडिलांना. ही माणसे स्वतः दुष्काळग्रस्तच होती. यांच्याही घरी चूल एकदाच पेटत होती. तरीही निराधार पोरे गोळा करून नगरच्या अनाथगृहांत पोहोचविण्याचे, त्यांना न्हाऊमाखू घालण्याचे, आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचे काम यांच्याच हातांनी झाले. सत्तर वर्षांपूर्वी ज्या मंडळीचा जन्म गरीबखान्यात झाला होता, तीच मंडळी आता दुसऱ्यांच्या अनाथ मुलांची आई झाली होती.

या मुलांना केवळ अन्न देऊन भागणार नव्हते. त्यांना पुढे पोट भरण्याचे साधन हवे होते. सर दिनशा पेटिट यांचे नाव दिलेली औद्योगिक शाळा नगरास आधीच चालू होती. तीत सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे असे उद्योग शिकविले जात. पारशी दात्याचे नाव, अमेरिकन मिशनचे व्यवस्थापन आणि महार-मांग-कुणब्यांची मुले असा तो संगम होता. विणकरांसाठी सुधारलेला हातमाग तयार करण्याचे डी. सी. चर्चिल यांचे प्रयोगही विसाव्या शतकाच्या आरंभी नगरासच झाले. स्त्रिया व मुले यांच्यासाठी डॉ. ज्युलिया बिसेल यांनी सुरू केलेले वैद्यकीय कार्य पुढे ह्यूम यांची कन्या डॉ. रूथ ह्यूम यांनी वाढविले. पुरुष डॉक्टरला नाडी दाखविणेही ज्या घरांत अशक्य होते, त्या घरांतील बायका या दवाखान्याची पायरी चढू लागल्या.

टिळक दांपत्य

या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे नगरातील आयुष्य पाहिले म्हणजे त्याचा नवा अर्थ लागतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस झाला आणि त्यानंतर ते नगरास आले. लक्ष्मीबाईंनी पुढे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाचा कौल घेऊन, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील अलौकिक आत्मचरित्र वाचताना वाचक टिळकांच्या विक्षिप्तपणाला हसतो, लक्ष्मीबाईंच्या सोशिकपणाने हेलावतो. परंतु त्या पुस्तकात नगर-राहुरीच्या ख्रिस्ती मंडळीचे जे दैनंदिन जीवन उतरले आहे, त्याकडे त्याचे पुरेसे लक्ष जात नाही. दुष्काळ आणि प्लेग ही त्या जीवनाची रोजची चौकट होती. टिळकांच्या घरात परक्यांची मुले येत, राहत, वाढत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई कोणत्याही जातीच्या लेकराला पोटाशी धरू लागल्या, हा प्रवास एका रात्रीत झाला नाही. तो कसा झाला हे त्यांनी स्वतःवर विनोद करीत सांगितले आहे, आणि म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो.

टिळकांच्या घराचे दार ख्रिस्ती नसलेल्यांनाही उघडे होते. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नगरास टिळकांच्या छायेत राहिले आणि तेथील मिशन शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी लाभली, त्या हिंदू तरुणाला नगरच्या ख्रिस्ती घरात माया मिळाली आणि त्याचा धर्म कोणी विचारला नाही. मराठी कवितेवर या मंडळीचे हे ऋण आहे.

टिळकांचा मंडळीशी आणि मिशनशी संबंध मात्र सदैव गोडीचा नव्हता. परदेशी पैशावर चालणारे चर्च कधीही स्वतःच्या पायांवर उभे राहणार नाही, आणि पगारी प्रचारकाच्या शब्दाला वजन येणार नाही, हे त्यांचे मत वर्षागणिक दृढ होत गेले. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हे त्यांनी अभंगांतून, कीर्तनांतून, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागातून सांगितले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यात, त्यांचा अंत झाला. त्यांचा दरबार संस्था म्हणून टिकला नाही. परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न टिकला.

आक्षेप आणि उत्तर

या साऱ्या कार्यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुष्काळात भाकरी देऊन धर्म घेतला, हा तो आक्षेप होय. तत्कालीन मराठी वृत्तपत्रांतून तो वारंवार घेतला गेला आणि त्यात तथ्यांश नव्हता असे म्हणता येणार नाही. दुष्काळानंतर मंडळ्यांची सभासदसंख्या वाढली होती. अनाथगृहातील अजाण मुलाला धर्माची निवड करण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्नही रास्त आहे. कित्येक मिशनरींनाही अशा भरतीविषयी शंका वाटे.

तथापि या आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांच्याविषयी हा आक्षेप घेतला जातो त्यांना दुष्काळापूर्वी गावाने काय दिले होते? विहिरीचे पाणी नाही, शाळेत जागा नाही, देवळाची पायरी नाही. भाकरीबरोबर कोणी पाटी दिली, नावापुढे ‘राव’ लावून हाक मारली, सभेत मत विचारले, तर त्या माणसाने केवळ भाकरीसाठी धर्म बदलला असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचाही अपमान आहे. शिवाय पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर निघून जातो. नगरच्या खेड्यांतील मंडळ्या सुकाळातही राहिल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या.

आणि या राहण्याची किंमत त्यांनी दिली. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जातींसाठी सवलती आल्या तेव्हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या हिंदू धर्मीयांपुरत्या मर्यादित झाल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती झालेले महार-मांग मात्र बाहेरच राहिले. धर्म ही केवळ लाभाची बाब असती, तर तो सोडण्याचे याहून मोठे कारण कोणते हवे होते? मंडळीच्या आतही सर्व काही निर्मळ होते असे नाही. जातीची आठवण सोयरिकीच्या वेळी जागी होई आणि पगारी व बिनपगारी असा नवा भेदही शिरला होता. या उणिवांसह तिचा इतिहास वाचला पाहिजे.

स्वतःच्या पायांवर

टिळकांनी विचारलेल्या प्रश्नाचे एक उत्तर नगरच्या मंडळीने तीस वर्षांनी दिले. १९४७ मध्ये देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता. ब्रिटिश सत्ता जाताच ख्रिस्ती समाजाचे काय होणार, अशी भीती अनेकांच्या मनात होती. मिशनरींचा ओघ आटत चालला होता. अशा वेळी अंग चोरून बसणे सोपे होते. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नेमक्या त्याच वर्षी अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. नगरच्याच ख्रिस्ती समाजातून वर आलेले आणि अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले हिवाळे हे एका अर्थी खेड्यातल्या त्या एकशिक्षकी शाळांचे फळ होते. शेकडो मैल पसरलेल्या, दुष्काळी, शिक्षणात मागे पडलेल्या या जिल्ह्यातील तरुणाला पदवीसाठी पुण्याची वाट धरावी लागू नये, हा त्यांचा हेतू. महाविद्यालय ख्रिस्ती प्रेरणेचे, परंतु दार सर्वांना उघडे. त्यात शिकलेल्यांत हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध सर्व आले, आणि त्यांची संख्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांपेक्षा सहजच कितीतरी अधिक राहिली.

१९६२ मध्ये महाविद्यालयाच्या आश्रयाने ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. विहीर, बंधारा, शेती, आरोग्य हे प्रश्न पुन्हा अभ्यासाच्या आणि सेवेच्या कक्षेत आले. दुष्काळात धान्य वाटणारी परंपरा आता दुष्काळाच्या कारणांकडे वळली, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल. काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीन झाल्या. २०२४ मध्ये तर खुद्द अहमदनगराचे नावही अहिल्यानगर झाले. नावे बदलली तरी १८३३ मध्ये सुरू झालेला धागा तुटलेला नाही.

समारोप

नगरच्या मंडळीच्या या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या ज्या वेळी तिने मोठे पाऊल टाकले, त्या त्या वेळी तिच्यापाशी पुरेशी साधने नव्हती. संस्थापक गेले तेव्हा ती अपंगांची होती. आपले पाळक निवडले तेव्हा ती दरिद्री होती. अनाथ मुले पोटाशी धरली तेव्हा ती स्वतः उपाशी होती. महाविद्यालय काढले गेले तेव्हा तिचे भवितव्य अनिश्चित होते. साधने पुरेशी झाल्यावर सेवा करू असे म्हणणारी संस्था बहुधा सेवा करीतच नाही. मराठी ख्रिस्ती माणूस ज्याला ‘विश्वास’ म्हणतो, त्याचा व्यवहारातला अर्थ नगरच्या इतिहासात असा उलगडतो.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे मराठी ग्रंथालय शंभर वर्षे चालविणाऱ्या मंडळींना हा इतिहास परका वाटू नये. जेथे राजभाषा वेगळी, बाजाराची भाषा वेगळी, तेथे चार माणसांनी वर्गणी काढून, एका खोलीत, एका कपाटानिशी मराठी पुस्तकांचे दुकान नव्हे तर घर उघडावे, यामागेही हिशेबापेक्षा विश्वासच अधिक होता. या ग्रंथालयांच्या कपाटांत ‘स्मृतिचित्रे’, टिळकांची व बालकवींची कविता, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ ही पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात. ती चाळताना त्यांच्यामागे उभ्या असलेल्या त्या अनाम मंडळीचेही वाचकाने स्मरण करावे. मराठी साहित्याच्या आणि समाजाच्या इतिहासातील तिचा वाटा अद्याप पुरता नोंदला गेलेला नाही. तो नोंदण्याचे काम पुढील पिढीच्या अभ्यासकांची वाट पाहत आहे.